मुलींच्या शाळा आणि एल्फिन्स्टनचे तरुण

तरुणांच्या सामाजिक चळवळींविषयीं आपल्याकडे दोन टोकांचीं मतें आढळतात. एका पक्षास तरुणांचा उत्साह म्हणजे उतूं जाणाऱ्या दुधाचा फेस वाटतो. दुसरा पक्ष समाजांतील प्रत्येक सुधारणेचें श्रेय तारुण्याच्या पदरांत टाकून मोकळा होतो. यांपैकीं खरें कोणतें, हें नुसत्या तर्कानें ठरणारें नाहीं. इतिहासांतील एखादें प्रकरण उघडून पाहिलें पाहिजे. असें एक प्रकरण १८४८-४९ सालीं मुंबईंत घडलें.

१८४८ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तेथून नुकतेच बाहेर पडलेले तरुण यांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या अध्यक्षतेखालीं ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. निबंध वाचावे व त्यांवर वाद करावा, एवढाच आरंभींचा क्रम. पुढें लोकांस देशी भाषांतून ज्ञान द्यावें म्हणून ज्ञानप्रसारक सभेच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. दुसऱ्या वर्षीं सोसायटींत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला. असे निबंध वाचणाऱ्या सभा पुष्कळ असतात, व टाळ्या वाजल्या कीं त्यांचें कार्य संपतें. या सभेनें मात्र मुलींच्या शाळा काढण्याचें ठरविलें.

शाळा काढणें सोपें होतें, मुली मिळणें कठीण होतें. शिकलेल्या मुलीस वैधव्य येतें अशी समजूत असण्याचा तो काळ. दादाभाई नौरोजी तेव्हां चोवीस वर्षांचे होते. ते व त्यांचे सोबती घरोघर हिंडून आईबापांची मनधरणी करूं लागले. कोणी त्यांचें स्वागत केलें, तर कोणी असलें भलतेंच बोलणें काढल्याबद्दल पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी दिली, असें दादाभाईंनींच उत्तरवयांत सांगितलें आहे. इतकी पायपीट करून प्रथम हातीं आल्या त्या ४४ पारशी व २४ हिंदु मुली, एकूण ६८. शिक्षकांस द्यावयास पैसा नव्हता. म्हणून हे तरुण आपला नित्याचा उद्योग संभाळून सकाळीं स्वतःच विनावेतन शिकवीत.

त्यानंतर जें घडलें तें लक्षांत घेण्याजोगें आहे. शाळा खरोखर चालतात असें दिसल्यावर वडील मंडळींचा हात सैल झाला. कामा घराण्यानें द्रव्यसाहाय्य केलें. जगन्नाथ शंकरशेट यांनीं आपल्या वाड्याच्या आवारांत मुलींच्या शाळेस जागा दिली. व्याख्यानानें जे वळले नसते, ते पाटीवर अक्षरें काढणाऱ्या मुली पाहून वळले. १८५४ सालच्या वुड यांच्या खलित्यानें स्त्रीशिक्षणास सरकारी मान्यता दिली, तेव्हां मुंबईंतील या शाळा पांच वर्षांच्या झाल्या होत्या.

याच शहरांत, याच सुमारास, परमहंस सभाही निघाली. जातिभेद मोडण्याचा तिचा हेतु अधिक मूलगामी होता. परंतु तिचें कार्य गुप्तपणें चाले. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची वही चोरीस गेली, आणि नांवें बाहेर फुटण्याच्या भयानें सभा विसकटली. तिचे प्रयत्न अगदींच वायां गेले असें म्हणतां येत नाहीं, कारण तिच्यांतील कांहीं मंडळी १८६७ सालीं प्रार्थनासमाजाच्या स्थापनेंत दिसतात. तथापि जी सुधारणा लोकांच्या डोळ्यांआड करावी लागते, ती लोकांस शिकवूं शकत नाहीं, हा धडा त्यांतून मिळतो.

मात्र मुंबईच्या तरुणांची स्तुति करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. त्यांच्या पाठीशीं कॉलेज होतें, प्रोफेसर होते, पुढें शेट-सावकारही आले. पुण्यास १८४८ सालीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढणारे जोतीराव फुले एकवीस वर्षांचे, व तेथें शिकविणाऱ्या सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. त्यांस १८४९ सालीं वडिलांचें घर सोडावें लागलें. मुंबईकरांनीं शिव्या खाल्ल्या. फुले दांपत्यानें छप्पर गमावलें. शिवाय फुल्यांनीं महार-मांगांच्या मुलांसाठींही शाळा काढल्या. तेथपर्यंत मुंबईच्या सभेची दृष्टि पोंचली नव्हती. एकाच कार्याची किंमत सर्वांस सारखी द्यावी लागत नाहीं, हें इतिहास लिहिणारानें नेहमीं ध्यानांत ठेवावें.

मग तरुणांच्या हातून परिवर्तन होतें तें कसें? वयानें नव्हे, आणि केवळ उत्साहानें तर नव्हेच. तरुणाजवळ संपत्ति नसते, अधिकार नसतो; परंतु परक्या दारांतून अपमानित होऊन परत येण्याची व दुसऱ्या दिवशीं पुढच्या दारीं उभें राहण्याची ताकद असते. ती ताकद निबंधांतच खर्च झाली तर वाफ होऊन जाते. रोजच्या कामास जुंपली तर तिच्यांतून संस्था उभी राहते. १९०६ सालीं एक्याऐंशीव्या वर्षीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेंत अध्यक्षस्थानीं बसलेल्या दादाभाईंच्या सार्वजनिक आयुष्याचा आरंभ त्या ६८ मुलींच्या शाळांत झाला होता. तरुणांच्या चळवळीची परीक्षा करावयाची असेल, तर सभेस किती लोक जमले हें विचारूं नये. सभा उठल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं किती जण कामावर हजर होते, हें विचारावें.