संवादातील अध्याहृत भूतकाळ

कथा-कादंबरीतील वा नाटकातील पात्रे जे बोलतात, त्याच्या तळाशी न उच्चारलेल्या अर्थाचा एक प्रवाह वाहत असतो. त्यास ‘सबटेक्स्ट’ अर्थात अध्याहृत अर्थ म्हणतात. अभिनयशिक्षणात ही संज्ञा रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लावस्की यांच्यामुळे रूढ झाली. शब्दांपलीकडील अर्थाचा विचार आपल्या काव्यशास्त्रालाही नवा नाही. नवव्या शतकात काश्मीरमधील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात ध्वनीला काव्याचा आत्मा मानले.

पात्रांचा समाईक भूतकाळ सांगताना लेखकाची खरी कसोटी लागते. हा भूतकाळ दोन्ही पात्रांना ठाऊक असतो. ठाऊक नसतो तो केवळ वाचकाला. ‘वडील वारले आणि तू २० वर्षांपूर्वी घर सोडून गेलास,’ असे बहीण भावाला सांगू लागली, की ती भावाशी नव्हे, वाचकाशी बोलत असते. आणि त्यांचे नातेच खोटे वाटू लागते. त्याऐवजी चहा करताना तिने ‘साखर किती घालू?’ असे विचारले आणि तो ‘आई कधी विचारायची नाही,’ एवढेच म्हणाला, तर दुरावा, सल आणि आईची उणीव एकदमच जाणवते.

चेकॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ (१९०४) या नाटकात लोपाखिन वार्याला मागणी घालणार, असे सारे गृहीत धरून असतात. अखेरच्या अंकात दोघांना एकांत मिळतो, तेव्हा ती सामानात काहीतरी शोधत राहते आणि बोलणे होते ते थंडीचे व मोडलेल्या थर्मामीटरचे. तेवढ्यात बाहेरून हाक येते आणि तो निघून जातो. इतक्या वर्षांचे अवघडलेपण हवामानाच्या गप्पांत सामावते.

हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘बिट्रेयल’ (१९७८) नाटकात प्रेमसंबंध संपल्यानंतर दोन वर्षांनी एमा आणि जेरी भेटतात. तिच्या लहानग्या मुलीला आपण उंच उडवून झेलले होते, हे जेरीला आठवते. मात्र ते कोणाच्या स्वयंपाकघरात, यावर दोघांचे एकमत होत नाही. भूतकाळ समाईक असला, तरी आठवण समाईक असतेच असे नाही. संवादातील ताण बहुधा या तफावतीतूनच निर्माण होतो.

कधी हे काम वस्तू करतात. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’मध्ये वाड्यापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर देशपांडे कुटुंबाच्या फसलेल्या उमेदीची मूक साक्ष देतो. मराठीत तर संबोधनेही पुरेशी ठरतात. एकेकाळी ‘अरे-तुरे’ करणारे दोघे चारचौघांत कटाक्षाने ‘तुम्ही’ म्हणू लागले, की मधे काहीतरी घडून गेल्याचे वाचक ओळखतो.

अर्थात, अध्याहृत म्हणजे अगम्य नव्हे. वाचकाच्या हाती एखादा तरी धागा हवा : एखादे नाव, टाळलेला विषय, अनपेक्षित मौन. जुन्या घटनेचा परिणाम समोरच्या प्रसंगावर होत असेल, तरच ती शोधण्याची उत्सुकता टिकते. सारे सांगून टाकणाऱ्या संवादाला वाचक केवळ श्रोता म्हणून लागतो. काही राखून ठेवणारा संवाद मात्र त्याला त्या नात्याचा जाणकार बनवतो.