वारणाकाठच्या तारा आणि बिनतारी वाट
सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वारणा नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांवरच्या सुमारे 70 गावांत 1998 साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि गावोगावची संगणक केंद्रे वारणानगरच्या साखर कारखान्याशी जोडली गेली. बेत मोठे होते: शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण. प्रत्यक्षात शेतकरी यायचा तो उसाच्या वजनाची पावती घ्यायला आणि खताची चौकशी करायला. त्यात वावगे काहीच नव्हते. उसाचे पैसे त्या वजनावरच मिळायचे.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी 7 गावांत संगणकाची जागा मोबाइलला दिली. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा, कारखान्यातल्या संगणकाला जोडलेल्या फोनने उत्तर धाडायचे. 2007 मध्ये हा प्रयोग ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने प्रसिद्ध झाला.

गावांनी तार सोडून बिनतारी वाट धरली, तशीच अदलाबदल आता लॅपटॉप आपणहून करतो: त्याला केबल आणि वायफाय एकाच वेळी जोडता येतात. दोन्हींचा ‘डिफॉल्ट रूट’, म्हणजे बाहेर पडायची ठरलेली वाट, लॅपटॉपच्या यादीत असतो. ज्याचा ‘मेट्रिक’ म्हणजे पसंतीचा आकडा लहान, त्या वाटेने माहिती बाहेर पडते. लिनक्सचा नेटवर्कमॅनेजर सहसा तारेला 100 आणि वायफायला 600 देतो. केबल काढली की तिची वाट यादीतून जाते आणि 600वाला वायफाय पुढे होतो.