क्ष-किरणांच्या मागावर

दवाखान्यांतील क्ष-किरण मनुष्याच्या देहांतून आरपार जातात; परंतु ताऱ्यांपासून येणारे तेच किरण पृथ्वीवरील हवेस भेदूं शकत नाहींत, हें प्रथमदर्शनीं विलक्षण वाटतें. हवा विरळ खरी. पण तिचा सबंध थर वजनांत दहा मीटर खोल पाण्याइतका भरतो, आणि त्यांत हे किरण जिरून जातात. अहिल्यानगराहून पुणें सुमारें १२० किलोमीटर. तितकेंच अंतर सरळ वर गेल्यास जवळजवळ सारी हवा पायांखालीं राहील. म्हणून क्ष-किरणांच्या अभ्यासकास आपलें उपकरण आकाशांत धाडण्यावांचून गत्यंतर नाहीं.

भारतानें हा उद्योग पहिल्याच उपग्रहापासून आरंभिला. ता. १९ एप्रिल १९७५ रोजीं सोव्हिएट अग्निबाणानें 'आर्यभट' वर गेला. त्यावर क्ष-किरण टिपणारें उपकरण होतें; परंतु वीजपुरवठा बिघडून अवघ्या कांहीं दिवसांत प्रयोग बंद पडले.

पुढें मार्च १९९६ मध्यें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें घडविलेल्या तीन वायुपेट्या आय. आर. एस.-पी ३ या उपग्रहावर चढल्या. हा उपग्रह मुळांत भूमीची पाहणी करणारा. अर्थात् त्याची कक्षा ध्रुवांवरून जाणारी, आणि अडचण तेथेंच होती. पृथ्वीच्या चुंबकत्वानें धरून ठेविलेले विद्युद्भारित कण ध्रुवांकडे व दक्षिण अटलांटिक महासागरावर फार दाटतात. तेथें पेट्यांचा विद्युद्दाब चढता ठेवावा, तर कणांच्या माऱ्यानें त्या निकामी होण्याचें भय. तेव्हां दाब उतरवून स्वस्थ बसावें लागे. दिवसाच्या १४ प्रदक्षिणांपैकीं सुमारें ५ काय त्या उपयोगीं पडत. दुसऱ्याच्या घरीं उतरणाऱ्यास यजमानाच्या वेळा पाळाव्या लागतात, त्यांतलाच हा प्रकार! तरीही गरुड तारकासमूहांतील एका कृष्णविवराजवळून येणारे क्ष-किरण किती झपाट्यानें वाढतात व ओसरतात, हें या पेट्यांनीं टिपलें.

ता. २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेला 'ॲस्ट्रोसॅट' मात्र खास खगोलशास्त्राकरितां बांधलेला. उंची ६५० किलोमीटर. कक्षा विषुववृत्ताशीं केवळ ६ अंशांनीं कललेली, म्हणजे ध्रुवांचा प्रश्नच मिटला. अटलांटिकावरील कणांची कड तेवढी टळेना. तिच्यासाठीं एक पहारेकरी नेमला आहे: सीझियम आयोडाइडाचा एक सेंटिमीटर बाजूचा स्फटिक. कण आदळला कीं त्यांत प्रकाश चमकतो. चमका मर्यादेबाहेर वाढल्या, कीं मोठ्या उपकरणांस इशारा मिळतो व त्यांचा विद्युद्दाब उतरविला जातो. त्या मौल्यवान यंत्रांचें आयुष्य या साखरेच्या खड्याएवढ्या वस्तूवर अवलंबून!

अशा पहाऱ्यांत ६ ऑक्टोबर २०१५ रोजीं कॅडमियम-झिंक-टेल्युराइडाचें १६,३८४ घरांचें उपकरण सुरू झालें, आणि त्याच दिवशीं त्यास दूरच्या विश्वांतील गॅमा-किरणांचा एक स्फोट दिसला. मुंबईप्रमाणेंच पुण्याच्या 'आयुका' संस्थेंतील संशोधकांचा या कामांत हात होता. खेकडा तेजोमेघाच्या पोटांत एक तारा सेकंदास सुमारें ३० वेळां गरगरतो. त्याच्या क्ष-किरणांचें ध्रुवीभवन दोन स्पंदनांच्या मधल्या, मंद काळांत सर्वांत अधिक बदलतें, असें २०१७ सालीं या उपकरणानें दाखविलें. आणि प्रचलित सिद्धांतांपैकीं एकासही त्याचा उलगडा नीट करतां आला नाहीं.