अधू डोळ्यांची स्वरलिपी

वसंतराव देशपांडे आणि सी. रामचंद्र हे दोघेही नागपूरच्या श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. सप्रे विष्णू दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले. या परंपरेत गाणं गळ्यातून गळ्यात जाई, तसं ते वहीतही उतरे.

गंमत अशी, की गाणं कागदावर आणण्याचा खटाटोप करणाऱ्या पलुस्करांचेच डोळे अधू होते. कुरुंदवाडच्या या मुलाच्या तोंडाजवळ फटाका फुटला, शाळा सुटली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम सुरू झाली. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यावर वर्गभर मुलांना शिकवायचं, तर चीज लिहून द्यायलाच हवी. त्यांच्या स्वरलिपीत स्वराखाली खुणा आल्या: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य. संगीतशास्त्री भातखंड्यांची लिपी त्याहून सुटसुटीत, पण तिथेही कोमल स्वराखाली रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. मंद नजरेला नेमकं हेच दिसत नाही. रेघ निसटली, की भीमपलासचा कोमल गंधार शुद्ध होऊन बसतो. मग राग कसला उरतो!

ब्रेलचे ठिपके वाचणाऱ्या बोटाला तर अक्षराच्या वरचं-खालचं असं वेगळं काही नसतंच. ही लिपी घडवणारा लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवत असे. १८२९ च्या पुस्तकात त्याने अक्षरांसोबत संगीतही ठिपक्यांत बसवलं. पुढे रुळलेल्या ब्रेल संगीतलिपीत सहा ठिपक्यांपैकी वरचे चार स्वर सांगतात, खालचे दोन त्याची लांबी, आणि सप्तकाची खूण स्वराच्या आधी येते. पाश्चात्त्य स्वरलेखनातली पाच रेघांची शिडी गेली, सगळं एका ओळीत आलं. आपलं काम खरं तर याहून सोपं. सा रे ग म ही मुळात अक्षरंच आहेत, आणि १९५१ पासून भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल आहे. वर-खालच्या खुणा तेवढ्या अक्षराशेजारी आणून बसवायच्या.

अडचण हातांची. पेटी वाजवताना एक हात पट्ट्यांवर, दुसरा भात्यावर. तबल्याला दोन्ही हात लागतात. मग वाचायचं कशाने? म्हणून वादक एक आवर्तन बोटाने वाचतो, पाठ करतो, वाजवतो आणि पुढच्या ओळीवर जातो. गायक त्या मानाने सुखी. त्याचे हात मोकळे असतात. बोट गळ्याच्या चार मात्रा पुढे ठेवायची सवय झाली, की समोर आलेली नवी चीजही त्याला थेट म्हणता येते.

विदर्भातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांनी दृष्टी नसताना शंभरावर ग्रंथ सांगून लिहवून घेतले. इथे उलट करायचं आहे: डोळसाने सांगायचं आणि ब्रेलमध्ये उतरवून घ्यायचं. नागपुरात कुणाच्या माळ्यावर जुन्या गायनवर्गाच्या वह्या असतील, तर त्या खाली काढा, ब्रेल जाणणाऱ्याला शेजारी बसवा आणि प्रत्येक टिंबा-रेघेसकट मोठ्याने वाचून दाखवा.