दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १८७९ : विधेयकावरील वाद

सरकारी कागदपत्रांत ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ (१८७९ चा कायदा १७) या नावाने नोंदलेला, कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी केलेला कायदा. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. अंमल १ नोव्हेंबर १८७९ पासून. विधेयक मुंबई इलाख्याच्या नव्हे तर गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलात मांडले गेले. मांडणारे थिओडोर होप हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी. त्या वेळी लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होते आणि मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल होते. शेतकऱ्याच्या कर्जात राज्यसंस्थेने हात घालावा का आणि घातला तर कुणाच्या खर्चाने, या प्रश्नावर हिंदुस्थानात झालेला हा पहिल्या मोठ्या वादांपैकी एक होय.

पार्श्वभूमी : १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे भर बाजारात सावकारांच्या दुकानांवर जमाव चालून गेला. पुढच्या काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच घडले. रोख मारवाडी व गुजर सावकारांवर होता. माणसे मारण्यापेक्षा रोखे, गहाणखते व हुकूमनामे हिसकावून जाळण्याकडे जमावाचा कल होता. कागद मुकाट्याने हवाली करणाऱ्या सावकाराला बहुधा इजा झाली नाही. ९५१ जणांना अटक झाली. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळात रिची, लायन, ऑकलंड कॉल्व्हिन व रावबहादूर शंभुप्रसाद लक्ष्मीलाल हे सभासद होते. अहवाल १८७६ मध्ये सादर झाला. त्यानंतरच्या तीन वर्षांत मुंबई, कलकत्ता व लंडन यांच्यात पत्रव्यवहार चालू राहिला, मधे १८७६–७८ चा दुष्काळ पडला आणि फेब्रुवारी १८७९ पासून वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड सुरू झाले. फडके २० जुलैच्या सुमारास पकडले गेले. विधेयकही त्याच जुलैत सिमल्याला मांडले गेले. या दोन घटनांचा संबंध किती जवळचा मानायचा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

कर्जाचा कागद : विधेयकातला गाभ्याचा भाग समजण्यासाठी त्या काळचा कर्जरोखा कसा वाढे हे पाहावे लागते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने न नोंदलेल्या रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, हिताचा होता. परिणाम उलटा झाला. मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. दरमहा शेकडा दोन रुपये हा व्याजाचा दर धरला, तर ५० रुपयांचे कर्ज तीन वर्षांनी ८६ रुपयांचे, सहा वर्षांनी सुमारे १४८ चे आणि नऊ वर्षांनी सुमारे २५४ रुपयांचे होते. मधे एक पैसाही नव्याने हातावर पडलेला नसतो. शिवाय मनोती, कसर अशा नावांनी काही रक्कम हातावर पैसे पडण्यापूर्वीच कापली जाई. कोर्टात मात्र शेवटचा रोखा तेवढा दाखल होई. त्यावर अंगठा किंवा नांगराची निशाणी कुळाचीच असल्याने न्यायाधीशाला पुढे विचारण्यासारखे काही उरत नसे. तालुक्याच्या ठिकाणी कुळ हजर राहत नसे, समन्स पोचले की नाही याचीही खात्री नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. मग बेलिफ, जप्ती, लिलाव. किंवा दिवाणी तुरुंग.

विधेयकाने या साखळीवर निरनिराळ्या ठिकाणी घाव घातला. कलम १२ अन्वये न्यायाधीशाने रोख्यापाशी न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जावे, पहिल्या दिवसापासूनचा हिशेब उघडावा असे ठरले. कलम १३ ने मुद्दल व व्याज वेगळे मांडणे, चक्रवाढ न धरणे आणि गैरवाजवी दर खाली आणणे ही रीत घालून दिली. मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करू नये हा जुना दामदुपटीचा नियमही त्यात आला. वरच्या उदाहरणातले २५४ रुपये या रीतीने शंभरावर येतात. प्रतिवादीला समोर बोलावून त्याची जबानी घेणे हे न्यायाधीशाचे काम ठरले. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले (कलम २१). खास गहाण न लिहिलेली जमीन जप्ती-विक्रीतून सुटली. न्यायालयाने सांगितल्यास कलेक्टरने ती जास्तीत जास्त सात वर्षे ताब्यात घेऊन उत्पन्नातून देणे भागवावे (कलम २२). हप्ते बांधून देण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. पन्नास रुपये किंवा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करता येऊ लागला. दाव्याची मुदतही वाढवली गेली: गावच्या निबंधकापुढे झालेल्या दस्ताला बारा वर्षे, इतरांना सहा. याखेरीज ग्राममुन्सफ, दाव्यापूर्वी सलोखा करणारे पंच, पावती व खातेपुस्तक देण्याची सक्ती अशी प्रकरणे होती.

कौन्सिलातील व बाहेरील वाद : ज्या कौन्सिलात चर्चा झाली तिथे निवडून आलेला सभासद एकही नव्हता, १८६१ च्या कायद्याप्रमाणे सारे सरकारनियुक्त. दख्खनचे कुळ किंवा सावकार सिमल्याला असण्याचा प्रश्नच नव्हता. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर १८७८ च्या मुद्रणनिर्बंधाची टांगती तलवार होती, त्यामुळे मराठी पत्रांतला सूर कागदोपत्री दिसतो त्याहून प्रत्यक्षात किती तिखट होता हे ठरवणे अवघड आहे. उपलब्ध साहित्य प्रामुख्याने अधिकाऱ्यांचे शेरे, न्यायाधीशांची मते आणि पुणे सार्वजनिक सभेचे त्रैमासिक हेच असल्याने या नोंदीतही त्यांचाच भरणा आहे.

विरोधकांचा पहिला मुद्दा कराराच्या स्वातंत्र्याचा. दोन सज्ञान माणसांनी लिहून दिलेला कागद न्यायालय उकरू लागल्यावर सावकार हात आखडता घेईल आणि पेरणीच्या तोंडावर बियाण्याला, सारा भरण्याच्या वेळी हप्त्याला पैसा मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा मुद्दा न्यायखात्याचा. नव्या कायद्याखालच्या दाव्यांत नेहमीचे अपील काढून टाकून एका खास न्यायाधीशाकडे तपासणीचा अधिकार दिला गेला. उच्च न्यायालयाला बगल देण्याचा हा प्रकार कायदेपंडितांना रुचला नाही. तिसरा मुद्दा वकिलांचा. सलोख्यापुढे, ग्राममुन्सफापुढे आणि शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलाला मज्जाव होता. याविरुद्धची ओरड तत्त्वाच्या भाषेत झाली, तरी पुण्या-साताऱ्याच्या दुय्यम कोर्टांत बहुतेक दावे याच रकमेच्या आतले असत ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

सर्वांत नाजूक मुद्दा जमीन साऱ्याचा होता आणि तो विधेयकात नव्हताच. १८६७ पासून दख्खनच्या तालुक्यांत तीस वर्षांच्या मुदती संपून फेरआकारणी सुरू झाली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव तोवर कोसळले होते. वाढीवर तालुक्याला ३३ टक्के, गावाला ६६ टक्के व एका खात्याला १०० टक्के अशी मर्यादा मुंबई सरकारने १८७४ मध्ये घातली. म्हणजे एखाद्या खात्याचा सारा दुप्पट होणे नियमात बसत होते. चौकशी मंडळाच्या बहुमताने कर्जबाजारीपणाचे खापर मुख्यतः सावकारी व दिवाणी कायदा यांवर फोडले. कॉल्व्हिन यांनी मात्र स्वतंत्र टिपण जोडून साऱ्याकडे बोट दाखवले. खुद्द होप यांनी विधेयक मांडताना शेतकऱ्याच्या कर्जाचा काही वाटा आपल्या सारापद्धतीकडे जातो अशी कबुली दिली. पुढे विल्यम विल्सन हंटर यांनीही कौन्सिलात याहून स्पष्ट शब्दांत तेच सांगितले. कबुलीनंतरही कलमांत त्याचा मागमूस नाही. सरकारने दिलेली सवलत सावकाराच्या तिजोरीतून दिली. स्वतःच्या तिजोरीतून दिली नाही. अफगाण युद्धाचा खर्च आणि दुष्काळाने पोखरलेली शिल्लक पाहता वेगळे घडण्याची फारशी शक्यताही नव्हती.

सार्वजनिक सभा व रानडे : सभेने सत्तरीच्या दशकाच्या आरंभीच दख्खनच्या रयतेच्या स्थितीची पाहणी केली होती, आणि सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे यांचा तिच्या लिखाणावर ठसा होता. रोख्याच्या मुळाशी जाणे व सलोखा या दोन गोष्टींना अनुकूलता, पण सारा स्थिर व माफक केल्याशिवाय आणि स्वस्त कर्जाची सोय लावल्याशिवाय नुसता सावकार आवळून भागणार नाही, असा रानड्यांचा साधारण सूर आहे. विल्यम वेडरबर्न यांनी पंचायतींचा व शेतकी बँकांचा आग्रह धरला. पुरंदर तालुक्यात अशी बँक काढून पाहण्याची योजना हिंदुस्थान सरकारने उचलून धरली, पण भारतमंत्र्यांच्या कचेरीत ती अडली. फडक्यांच्या बंडाच्या काळात संशयापोटी मे १८७९ मध्ये धुळ्याला धाडलेल्या रानड्यांनाच सरकारने १८८१ मध्ये याच कायद्याखालील खास न्यायाधीश डॉ. पोलन यांचे साहाय्यक नेमले. पुढे ते स्वतः खास न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयात गेले. तालुक्यातालुक्यांत फिरून दुय्यम न्यायाधीशांचे दप्तर तपासणे हे त्यांचे काम. या फिरतीचे तपशील रमाबाई रानडे यांच्या आठवणींत आहेत.

सत्यशोधकांची भूमिका : जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) कर्ज, कोर्टकचेऱ्या व कुलकर्णी-वकिलांचे जाळे यांवर विस्ताराने लिहिले आहे.

अंमल व दुरुस्त्या : १८८१, १८८२, १८८६ व १८९५ मध्ये दुरुस्त्या झाल्या; १८९१–९२ मध्ये स्वतंत्र मंडळाने कामकाजाची पाहणी केली. दाव्यांची संख्या उतरली याबद्दल वाद नाही. त्यामागे न्याय मिळाला की पत आटली, हा वाद मात्र राहिला. सावकाराने गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. तोंडी बोली ‘पैसे फेडलेस की जमीन परत’ अशी, आणि कागदावर कायमची विक्री. या पळवाटेवर १०अ हे कलम पुढे घालावे लागले, ज्याने अशा खरेदीखतामागचा खरा व्यवहार पुराव्याने दाखवण्याची वाट मोकळी झाली. ‘शेतकरी’ कोणाला म्हणावे हाही कायमचा तंटा होता. मुख्यतः शेतीवर पोट भरणारा, अशी व्याख्या असल्याने सवलतीसाठी शेतकरी ठरू पाहणारे अनेक निघाले आणि दुय्यम कोर्टांचा बराच वेळ त्यातच गेला.

नील चार्ल्सवर्थ यांच्यासारख्या नंतरच्या इतिहासकारांनी १८७५ च्या दंग्यांची व्याप्ती व परिणाम फुगवून सांगितले गेल्याचे प्रतिपादन केले. रविंदर कुमार व इयन कॅटनाक यांच्या अभ्यासांत खेड्यातील सत्तेची फेरमांडणी आणि पतपुरवठा यांवर अधिक भर आहे.

इतर प्रांतांतील परिणाम : पंजाबच्या १९०० च्या जमीन हस्तांतर कायद्याच्या चर्चेत दख्खनच्या अनुभवाचा दाखला दिला गेला.

पुढील कायदे : जमिनीच्या विक्रीवर थेट निर्बंध घालण्याचा प्रयत्न १९०१ च्या मुंबई जमीन महसूल दुरुस्ती विधेयकाने केला, त्याच्या निषेधार्थ फिरोजशहा मेहता व गोपाळ कृष्ण गोखले यांनी मुंबई इलाख्याच्या कौन्सिलातून सभात्याग केला. १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा दुसऱ्या वाटेने आला. साहाय्य कायद्याची काही कलमे १९०५ मध्ये इलाख्याच्या इतर भागांना लागू केली गेली. १९३९ व १९४७ च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्यांनी त्याची जागा घेतली.