ध्वनिमुद्रणकक्ष, घरगुती : यंत्रांची जोडणी

ध्वनिमुद्रणकक्ष, घरगुती : राहत्या घरातील एका खोलीत संगणक, कीबोर्ड, ऑडिओ इंटरफेस, मायक्रोफोन व मॉनिटर यांच्या साहाय्याने केलेली ध्वनिमुद्रणाची व्यवस्था. बोलीभाषेत ‘होम स्टुडिओ’. प्रस्तुत नोंदीत यंत्रांच्या निवडीपेक्षा त्यांच्या परस्परजोडणीचा विचार केला असून, वीज, जमीन, घरबांधणी व गाण्याचे प्रकार यांसंबंधीच्या उदाहरणांसाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे.

पार्श्वभूमी : लोणारच्या सरोवराकाठी कमळजादेवीचा नवरात्रोत्सव, शेगावच्या गजानन महाराजांची भजने, सिंदखेड राजा येथे १२ जानेवारीला होणारा जिजाऊ जन्मोत्सव आणि १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीची भीमगीते, असा या भागातील गाण्याचा वार्षिक क्रम आहे. या गाण्यांच्या साथीत हार्मोनियम, तबला, ढोलकी यांच्याबरोबर कीबोर्ड व ऑक्टोपॅड स्थिरावले. एका गायकासाठी व एका वाद्यासाठी लागणारे मुद्रण आता लॅपटॉप व दोन तोंडांचा इंटरफेस एवढ्यावर होते. मात्र ही यंत्रे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी घडलेली असल्याने ती एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, हे जुळवणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

कीबोर्डच्या दोन वाटा : कीबोर्डमधून दोन निरनिराळ्या गोष्टी बाहेर पडतात. पहिली, तयार ध्वनी. म्हणजे विद्युतदाबातील चढउतार. तो ‘लाइन आउट’ किंवा हेडफोनच्या तोंडातून निघून इंटरफेसमध्ये जातो. दुसरी, आज्ञा, म्हणजे कोणती पट्टी केव्हा, किती जोराने दाबली व केव्हा सोडली याची नोंद. ही मिडी या वाद्यजोडणीच्या संकेताच्या वाटेने जाते व तिच्यात आवाज अजिबात नसतो. मिडीची केबल लावूनही ‘रेकॉर्डिंगला आवाज येत नाही’ ही नवशिक्यांची तक्रार या दोहोंच्या गल्लतीतून निघते. आज्ञेला आवाज द्यायला संगणकात आभासी वाद्य, म्हणजे आज्ञेनुसार आवाज काढणारी प्रणाली, लागते, किंवा तीच आज्ञा पुन्हा कीबोर्डकडे पाठवावी लागते.

दोन्ही वाटांचे फायदे वेगळे आहेत. ध्वनी मुद्रित केला तर कीबोर्डमधलाच तबला, तानपुरा वा बासरी जशीच्या तशी मिळते. भारतीय बाजारासाठी काढलेल्या कीबोर्डांत असे आवाज मुद्दाम भरलेले असतात. पण वाजवताना चुकलेला एक स्वर नंतर सुधारणे अवघड जाते. आज्ञा मुद्रित केली तर स्वर, लय, वाद्य, पट्टी सारे नंतर बदलता येते. त्यामुळे जाणकार वादक एकाच वेळी दोन्ही मुद्रित करतात.

मिडी : निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांना जोडण्याचा हा संकेत सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ व रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने आकाराला आला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्यप्रदर्शनात दोन कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून त्याचे प्रात्यक्षिक झाले. या कामगिरीबद्दल दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मूळ मिडीत पाच टाचण्यांची गोल पिन असते. माहिती सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने जाते, एका केबलमधून १६ चॅनेल मिळतात व केबलची लांबी १५ मीटरपर्यंत ठेवावी असा दंडक आहे. पट्टीवरचा आघात १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो.

पाच टाचण्यांच्या जोडणीत एक नियम चुकवता येत नाही : एकाचा ‘आउट’ दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये जातो. ऑक्टोपॅडलाही मिडी आउट असल्याने त्याच्यावर वाजवलेला ठेका आज्ञारूपाने संगणकात घेता येतो. अलीकडच्या कीबोर्डांत हेच काम युएसबीवर होते. प्रिंटरला लागते तीच चौकोनी तोंडाची केबल येथे चालते, पण ती ‘टू होस्ट’ लिहिलेल्या तोंडात लावावी लागते. शेजारचे ‘टू डिव्हाइस’ हे तोंड पेनड्राइव्हसाठी असते.

संगणकातील आभासी वाद्य वाजवताना कीबोर्डचा स्वतःचा आवाजही सुरू राहिला, तर एकेक स्वर दोनदा ऐकू येतो. अशा वेळी कीबोर्डमधील ‘लोकल कंट्रोल’ बंद करतात. मींड व गमकासाठी वापरले जाणारे पिच-बेंडचे चाक सुरुवातीला सहसा दोन अर्धस्वर वर व दोन खाली एवढेच सरकते. कीबोर्ड व आभासी वाद्य या दोन्ही ठिकाणी ही मर्यादा सारखी ठेवली नाही, तर मुद्रणात मींड बेसूर होते.

ऑडिओ इंटरफेस : बाहेरच्या विद्युतदाबाचे आकड्यांत व आकड्यांचे पुन्हा विद्युतदाबात रूपांतर करणारे यंत्र. दुकानात याला अजूनही ‘साउंड कार्ड’ म्हणतात. त्याच्या तोंडांना तीन प्रकारचे संदेश येतात. मायक्रोफोनचा संदेश काही मिलिव्होल्टचा असतो व त्याला मोठी वाढ द्यावी लागते. गिटारच्या पिकअपला सुमारे १० लाख ओहम रोधाचे ‘इन्स्ट्रुमेंट’ तोंड लागते. कीबोर्डचा लाइन संदेश मुळातच दमदार असतो, म्हणून तो ‘लाइन’ तोंडातच द्यावा. तो माइकच्या तोंडात दिला तर आवाज फाटतो व वाढ कितीही कमी केली तरी फाटलेलाच राहू शकतो. लाइनच्याही दोन पातळ्या आहेत. व्यावसायिक पातळी सुमारे १.२३ व्होल्टची, तर घरगुती पातळी ०.३१६ व्होल्टची, दोहोंत सुमारे १२ डेसिबलचा फरक पडतो.

कंडेन्सर माइकला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा ‘फँटम’ पुरवठा लागतो. त्याचे बटण माइक जोडल्यावर, मॉनिटरचा आवाज खाली आणून मगच दाबावे. मुद्रण २४ बिटमध्ये करावे. १६ बिटमध्ये सैद्धांतिक आवाका सुमारे ९६ डेसिबल असतो, २४ बिटमध्ये तो १४४ पर्यंत जातो. त्यामुळे सर्वांत चढ्या आवाजालाही वर १० ते १२ डेसिबल मोकळी जागा ठेवता येते. नमुनादर केवळ गाण्यासाठी सेकंदाला ४४,१०० व चित्रफितीसाठी ४८,००० ठेवण्याची रीत आहे.

पिना व केबल : ६.३५ मिलिमीटरच्या जॅकला बाजारात ‘पी-३८’ म्हणतात. त्याच्या दांड्यावर एक काळा पट्टा असेल तर तो मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. पण स्टिरिओ पिनचे तीन संपर्क दोन अगदी वेगळ्या कामांना येतात. हेडफोनमध्ये ते डावा, उजवा व सामाईक असे असतात. बॅलन्स्ड जोडणीत मात्र त्यांतून एकच संदेश सुलट व उलट असा दोनदा जातो आणि तिसरा संपर्क आवरणाचा असतो. वाटेत शिरलेला गोंगाट सुलट व उलट दोन्ही तारांवर सारखाच पडतो. इंटरफेस दोहोंतील फरक घेतो, तेव्हा गोंगाट वजा होतो व गाणे उरते.

यामुळे कीबोर्डच्या हेडफोन तोंडातून एकच स्टिरिओ पिन थेट इंटरफेसच्या बॅलन्स्ड तोंडात घातली, तर डाव्यातून उजवा वजा होतो. मधोमध असलेला आवाज जवळजवळ नाहीसा होतो व कडेचा पोकळ ऐकू येतो. लाइन आउट नसलेल्या लहान कीबोर्डसाठी एका स्टिरिओ पिनेतून दोन मोनो पिना निघणारी केबल घेऊन त्या दोन स्वतंत्र तोंडांत लावाव्यात. कीबोर्डला ‘लेफ्ट/मोनो’ व ‘राइट’ अशी दोन तोंडे असली आणि इंटरफेसला एकच तोंड मोकळे असले, तर फक्त ‘लेफ्ट/मोनो’ वापरावे. दोन्ही बाजूंचा आवाज त्यात एकवटतो.

विलंब : पट्टी दाबल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत जाणारा वेळ. संगणक ध्वनीचे नमुने एकेक न हाताळता गठ्ठ्याने हाताळतो. नमुनादर ४४,१०० असताना १२८ नमुन्यांच्या गठ्ठ्याला २.९ मिलिसेकंद, २५६ ला ५.८ व ५१२ ला ११.६ मिलिसेकंद लागतात. गायकाचा आवाज आत जाऊन परत बाहेर यायचा असेल तर हा वेळ दुपटीहून अधिक होतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो. या हिशेबाने ११.६ मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे साथीदार चार मीटर लांब बसल्यासारखे होते. संथ भजनात ते खपते, ढोलकीच्या द्रुत ठेक्यात हात अडखळतो. म्हणून मुद्रणाच्या वेळी गठ्ठा लहान व मिश्रणाच्या वेळी मोठा ठेवतात. विंडोज संगणकावर स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या ‘असिओ’ पद्धतीचा ड्रायव्हर वापरल्याने विलंब बराच घटतो. गायकाला स्वतःचा आवाज संगणकात न नेता इंटरफेसमधूनच परत ऐकवण्याची ‘डायरेक्ट मॉनिटर’ ही सोयही असते.

मॉनिटर : मुद्रण पारखण्यासाठी वापरायचा ध्वनिक्षेपक. घरच्या म्युझिक सिस्टिममध्ये आवाज गोड लागावा म्हणून खर्ज व तीव्र भाग वाढवलेला असतो. मॉनिटरकडून आहे तसे ऐकवण्याची अपेक्षा असते. घरगुती कक्षात आतच ॲम्प्लिफायर असलेले मॉनिटर वापरतात. ते इंटरफेसच्या दोन लाइन आउटना बॅलन्स्ड केबलने जोडावेत. दोन मॉनिटर व ऐकणाऱ्याचे डोके मिळून समभुज त्रिकोण व्हावा, बाजू सुमारे एक ते दीड मीटर असावी आणि लहान कर्णा कानाच्या उंचीवर यावा. भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटवलेला मॉनिटर खर्ज फुगवतो. ते ऐकून मिश्रणात खर्ज कमी केला जातो व तेच गाणे मंडपात पातळ वाजते. गायन मुद्रित करताना मॉनिटर बंद करून बंद कपांचा हेडफोन वापरतात, नाहीतर ट्रॅकचा आवाज माइकमध्ये शिरतो.

खोली : काळ्या दगडाच्या जाड भिंती बाहेरचा आवाज चांगला अडवतात, पण आतला आवाज तितक्याच जोमाने परतवतात. आवाज अडवणे व आवाज शोषणे ही दोन वेगळी कामे आहेत. टाळी वाजवल्यावर झणझणता पडसाद आला, तर समोरासमोरच्या भिंतींपैकी निदान एकीवर गोधड्या, सतरंज्या, कपड्यांचे कपाट वा पुस्तकांची मांडणी आणावी. गोधडीने तीव्र स्वर शोषले जातात, खर्ज मात्र तसाच राहतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीत सुमारे ५६ व ४७ हर्ट्झचे स्वर भिंतींमध्ये घुमतात आणि कीबोर्डवरच्या बेसचे खालचे स्वर नेमके याच भागात येतात. बसण्याची जागा फूटभर पुढेमागे करून पाहणे हा यावरचा पहिला, बिनखर्ची उपाय. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात माइकचे काम पावसाच्या वेळापत्रकानेच होते. त्या काळात मिडीचे काम उरकून घेता येते.

अर्थिंग व गुणगुण : भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. मॉनिटरमधून येणारी ५० वा १०० हर्ट्झची सततची गुणगुण पुष्कळदा ‘ग्राउंड लूप’मुळे येते. तिचे घरगुती कक्षातील नेहमीचे कारण कीबोर्डच्या त्याच दोन वाटांत आहे. कीबोर्ड युएसबीने संगणकाला आणि ध्वनीच्या केबलने इंटरफेसला जोडला, इंटरफेस पुन्हा युएसबीने त्याच संगणकाला जोडला, की आवरणाच्या तारांचे एक पूर्ण वेटोळे तयार होते व त्यात नको असलेला प्रवाह फिरतो. पाच टाचण्यांच्या मिडीत आज्ञा प्रकाशाच्या साहाय्याने पलीकडे पोचवणारा ऑप्टोकपलर असतो. त्यामुळे दोन यंत्रांच्या ग्राउंडचा थेट संबंध येत नाही व वेटोळे तुटते. १९८३ ची जुनी पिन येथे नव्या युएसबीला सरस ठरते. ती सोय नसल्यास ध्वनीच्या वाटेत ट्रान्सफॉर्मर असलेली डीआय पेटी घालावी. सर्व यंत्रे एकाच बोर्डवरून चालवणेही उपयोगी पडते.

अर्थिंगच नसेल तर दोष वेगळा दिसतो. तीन पिनांच्या अडॅप्टरमधील गाळणी-कपॅसिटरमुळे यंत्राच्या धातूच्या भागावर मुख्य विजेच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असला तरी हाताला झिणझिण्या येतात आणि माइकला ओठ लागताच गायक दचकतो. लोणारचा प्रदेश बेसाल्टचा आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराच्या कड्यांत या खडकाचे एकावर एक थर उघडे पडलेले दिसतात. जेथे मातीचा थर पातळ आहे तेथे अर्थिंगचा खड्डा लवकरच खडकाला भिडतो आणि कोरडा बेसाल्ट विजेला सहज वाट देत नाही. ओली काळी माती चांगली वाहक, पण उन्हाळ्यात तीही सुकते व रोध वाढतो. म्हणून कोळसा व मीठ घालून केलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहण्याची प्रथा आहे. गुणगुण घालवण्यासाठी अर्थची जाड पिन कापणे हा उपाय जिवावर बेतू शकतो.

लॅपटॉपचा अडॅप्टर काढून बॅटरीवर ऐकून पाहणे ही दोष शोधण्याची पहिली चाचणी. गुणगुण थांबली तर दोष विजेच्या वाटेत आहे. वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर काम चालू ठेवल्यास त्याच्या चौकोनी लहरींमुळे खरखर वाढते. अशा वेळी बॅटरीवरचा लॅपटॉप, त्यावरच चालणारा इंटरफेस व हेडफोन एवढ्यावर केलेले मुद्रण अधिक स्वच्छ येते.

हार्मोनियमशी मेळ : कीबोर्ड कारखान्यातून ४४० हर्ट्झच्या प्रमाणस्वराला, म्हणजे पांढऱ्या सहाच्या स्वराला, बांधून येतो. गावातली पेटी बऱ्याचदा किंचित चढी असते. ती ४४२ वर असेल तर फरक अर्धस्वराच्या सुमारे आठ शतांश भरतो व लांबवलेल्या स्वरात लाटा ऐकू येतात. पेटीचे सूर बदलणे कारागिराचे काम असल्याने कीबोर्डचे ‘मास्टर ट्यूनिंग’ पेटीला जुळवावे. गायकाची पट्टी काळी एक असली तर अनेक वादक ‘ट्रान्सपोज’ दाबून पांढरी एकच्याच बोटांनी वाजवतात. काही कीबोर्ड मिडीतून बदललेला स्वर पाठवतात, काही दाबलेली पट्टीच पाठवतात. म्हणून आधी एकच स्वर मुद्रित करून तो ध्वनीत व मिडीत एकच आला की नाही, हे तपासून मगच गाण्याला हात घालावा.

चालू-बंद करण्याचा क्रम : प्रथम कीबोर्ड, मग इंटरफेस व संगणक, शेवटी मॉनिटर. बंद करताना मॉनिटर सर्वांत आधी. मधले कोणतेही यंत्र चालू वा बंद होताना निघणारा धक्का तोवर कर्ण्यापर्यंत पोचत नाही. वीज अचानक गेली, तर ती परतण्यापूर्वी मॉनिटरचे बटण बंद करून ठेवावे.