मुलाशेजारची खुर्ची

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी नाटक करायचं आणि आईवडिलांनी ते बघायला यायचं, ही रीत महाराष्ट्रात जुनी. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्या काळातलं, 1930 सालचं त्यांचं ‘गुरुदक्षिणा’ याच रीतीतलं. पुढे पु. ल. देशपांड्यांनी ‘नवे गोकुळ’ आणि ‘वयं मोठं खोटम्’ लिहिली. मुलांसाठी लिहिण्यात तेव्हाच्या मोठ्या लेखकांना कमीपणा वाटत नव्हता, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मात्र जागा ठरलेल्या होत्या. मूल रंगमंचावर, मोठी माणसं समोर. मुलाचं वेगळं तिकीट काढावं, त्याला खुर्चीत बसवावं आणि पडदा त्याच्यासाठी वर जावा, ही कल्पना मराठीत रुजायला 1959 साल उजाडलं.

त्या वर्षी सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’तर्फे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. सुधाताईंचे वडील तात्या आमोणकर मुंबई मराठी साहित्य संघाशी जोडलेले, त्यामुळे नाटक घरातच होतं. गुरू पार्वतीकुमारांकडे त्या भरतनाट्यम शिकल्या आणि बालरंगभूमीचा अभ्यास करायला अमेरिकेला गेल्या. तिथे या कामाला अर्धशतकाची परंपरा होती. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीत 1903 साली अ‍ॅलिस मिनी हर्ट्स यांनी मुलांचं शैक्षणिक रंगमंदिर उघडलं होतं. परक्या देशात आलेल्या कुटुंबांतली मुलं शाळेत नवी भाषा पटकन उचलत आणि आईबाप मागे राहत. अशा वस्तीत त्यांनी मुलांबरोबर पालकांनाही नाटकाला बोलावलं. बालनाट्याचा घराशी असलेला संबंध इतका जुना आहे.

‘मधुमंजिरी’चे लेखक होते रत्नाकर मतकरी, तेव्हा जेमतेम विशीतले. स्वतः सुधाताई त्यात चेटकीण झाल्या. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, रंगमंचावरच्या चमत्कृती या सगळ्यांत मोठ्यांच्या नाटकाइतकीच मेहनत घ्यायची, असा त्यांचा आग्रह होता. मुलांचं आहे, चालून जाईल, हे त्यांना मान्यच नव्हतं. या आग्रहाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही: मुलाला घेऊन आलेला बापही खुर्चीत रमला. पुढच्या मे महिन्यात मुलाआधी त्यानंच जाहिरात शोधली असेल, तर मला नवल वाटणार नाही.

मतकरींनी 1962 साली ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. ते बँक ऑफ इंडियात नोकरी करत होते, आणि संस्थेच्या कामात पत्नी प्रतिभा मतकरी बरोबरीनं उभ्या होत्या. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’, ‘अचाटगावची अफाट मावशी’ ही नावं घेतली की आज साठीतली माणसंसुद्धा सरसावून बसतात. ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकर चेटकीण झाले होते. 2018 साली चिन्मय मांडलेकरांनी ते नाटक पुन्हा दिग्दर्शित केलं, तेव्हा चेटकीण झाले वैभव मांगले. प्रयोगाला आजी-आजोबा, आईबाप आणि नातवंडं एकाच रांगेत बसलेली दिसत. घरातल्या तीन पिढ्यांना एकाच वेळी हसवणारी किती कामं आपल्याकडे उरली आहेत?

दरम्यान सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत होत्या. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या ‘चंद्रशाळे’तून त्यांनी मुलांचं मोठं काम उभं केलं. ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य त्यातलंच. नाच, गाणं, अभिनय एकत्र शिकत मुलं तिथे वाढली.

माझ्या मते घराच्या दृष्टीनं सर्वांत मोठं वळण आलं ते 1986 साली, पुण्यात. पश्चिम बर्लिनमध्ये 1966 साली एका राजकीय कॅबरेच्या आसऱ्यानं फोल्कर लुडविग यांनी मुलांचं नाटक सुरू केलं होतं, त्याचंच पुढे ‘ग्रिप्स’ झालं. राजपुत्र नाही, राक्षस नाही. शेजाऱ्यांची बोलणी, घरातली भांडणं, पैशांची ओढाताण, न ऐकणारे मोठे हे त्यांचे विषय. डॉ. मोहन आगाशे यांनी ते मराठीत आणलं आणि श्रीरंग गोडबोले यांनी ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ लिहिलं. ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिका मोठे नट करतात. बोबडं बोलायचं नाही, उगाच उड्या मारायच्या नाहीत. मूल ज्या गांभीर्यानं चिडतं किंवा घाबरतं, त्याच गांभीर्यानं ते करायचं. समोर बसलेल्या मुलाला आपली बाजू मांडणारं कुणीतरी दिसतं. शेजारच्या आईला आपलंच कालचं वाक्य रंगमंचावरून ऐकू येतं. घरी जाताना रिक्षात ती दोघं त्यावर बोलली, तर नाटकानं आपलं काम केलं.

मूल स्वतः नाटकात असेल, तर घरातलं चित्र आणखी बदलतं. आजी वही घेऊन बसते, आधीचा संवाद वाचते, नातू पुढचा म्हणतो. तो अडखळला की ती सांगणार, तेवढ्यात तो हात करून थांबवतो. राक्षसाचं काम करणारा मित्र गावाला गेलेला, म्हणून आजोबांना राक्षस व्हावं लागतं. ‘अजून जोरात, आबा,’ असं एरवी कोण त्यांना सांगणार? जुन्या साडीचा पडदा आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचा मुकुट करताना सगळे जमिनीवर बसलेले असतात. सूचना देणारा घरातला सर्वांत लहान माणूस असतो आणि मोठे त्या पाळतात. एरवी दिवसभर सूचना ऐकणाऱ्या मुलासाठी हे लहानसहान नाही.

म्हणूनच नाट्यशिबिराच्या शेवटच्या दिवशी मोबाइल उंचावून चित्रीकरण करणाऱ्या पालकांची गर्दी पाहिली की वाईट वाटतं. समोर आपलं मूल उभं असतं आणि आपण ते पडद्यावर बघत असतो. बक्षीस मिळालं का, टीव्हीवर निवड होईल का, याच चौकशा फार. मुलाला धीट करण्यासाठी शिबिराला पाठवणं गैर नाही, पण तेवढ्यासाठी सुधाताईंनी आणि मतकरींनी आयुष्य घातलं नव्हतं. मतकरी तर अखेरच्या वर्षांत ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ चालवत होते. त्या मुलांनी आपल्याच जगण्यातून नाटिका उभ्या केल्या. 2020 साली करोनानं मतकरी गेले. सुधाताई 2018 मध्येच गेल्या होत्या.

येत्या सुट्टीत आपल्या गावच्या नाट्यगृहात बालनाट्य लागलं, तर मुलाला आत सोडून बाहेर चहा पीत थांबू नका. आपलंही तिकीट काढा आणि त्याच्या शेजारी बसा. प्रयोग संपल्यावर त्याला तात्पर्य विचारू नका, त्याला बोलायचं असेल ते बोलू द्या.